गोड बोलून लहान करतात, त्याला मराठीत काय म्हणायचं?

गणिताच्या बाई

मंडळी, एक शब्द हवा आहे. कामासाठी हवा आहे, म्हणून आधी काय घडलं ते सांगते.

मी एकोणसत्तर वर्षांची आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत तेहेतीस वर्षं गणित शिकवलं. दीड महिन्यापूर्वी माझ्या उजव्या गुडघ्याची सांधेबदल शस्त्रक्रिया झाली. ती उत्तम झाली, टाके वेळेवर निघाले, जखम स्वच्छ भरली. डॉक्टरांच्या हाताबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडला एक तरुण डॉक्टर आले. तिशीचे असतील. मी उशीला टेकून पेपर वाचत होते. म्हणाले, "काय आजी, आज आपण शहाण्या मुलीसारखं चालायचं हं!" मग खाटेच्या कडेला बसले आणि एका हाताची मूठ दुसऱ्या पंजात फिरवत सांगू लागले, "आपला गुडघा असतो ना आजी, तो दाराच्या बिजागरीसारखा असतो. बिजागरी गंजली की दार कुरकुरतं की नाही? हां! मग आपण काय केलं? नवी बिजागरी बसवली." बालवाडीत गोष्ट सांगताना लावतात तो आवाज, प्रत्येक वाक्याच्या शेवटी वर चढणारा.

मी विचारलं, "आज गुडघा किती अंशांत वाकतोय? आणि नव्वदला किती दिवसांत यायला हवा?"

ते हसले. मनापासून हसले, कौतुकाने. "ते अंश-बिंश आम्ही बघतो ना आजी. आपण फक्त पाय हलवायचा. कळलं?" आणि मग मान वळवून माझ्या मुलाला म्हणाले, "पंचाहत्तरच्या आसपास आहे. आठवड्याभरात नव्वद व्हायला हरकत नाही."

प्रश्न मी विचारलेला, पाय माझा, आणि आकडा सांगितला मुलाला. त्याला कोनमापक कसा धरायचा ते मीच शिकवलंय. माझ्या हाताखालून गेलेल्या हजारो मुलांनाही मीच शिकवलं: मध्यबिंदू शिरोबिंदूवर, शून्याची रेषा भुजेवर, आणि आतलं माप वाचायचं की बाहेरचं ते आधी ठरवायचं.

तासाभराने फिजिओथेरपीची मुलगी आली. तिच्या पिशवीत पारदर्शक प्लास्टिकचं एक साधन होतं, दोन लांब पट्ट्या आणि मध्ये अंशांची चकती. मी बघतेय म्हटल्यावर तिने ते माझ्या हातातच दिलं. "गोनिओमीटर म्हणतात बाई याला. हा मध्य इथे, मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्यावर. एक पट्टी खुब्याच्या दिशेने, दुसरी घोट्याच्या. तुम्हीच वाचा." मी वाचलं. चौऱ्याहत्तर. तिने ते वहीत लिहिलं आणि मी माझ्या डायरीत. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हा पाय परत माझा झाला.

शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळची आणखी एक गोष्ट. संमतीपत्राचा कागद काउंटरवरच्या माणसाने थेट मुलापुढे सरकवला, "आजींच्या वतीने इथे सही करा." मी समोर खुर्चीत बसलेले, शुद्धीवर, पर्समध्ये पेन. मी कागद ओढून घेतला, दोन्ही बाजू वाचल्या आणि सही केली. तो मुलाकडे बघून म्हणाला, "आजी कडक आहेत हां!" ते दोघंही हसले. माझा मुलगा हसला याचं मला जास्त लागलं.

आता रुग्णालयाने अभिप्राय मागितलाय. मला त्या डॉक्टरांना पत्र लिहायचंय आणि मी पहिल्याच वाक्यावर अडलेय. 'तुम्ही उद्धट वागलात' लिहू? उद्धट ते मुळीच नव्हते. 'अपमान केलात' म्हटलं तर ते खरोखर गोंधळतील, मी कधी अपमान केला, मी तर किती प्रेमाने बोललो, म्हणतील. आणि ते खोटंही नाही. दुर्लक्ष नाही, हेटाळणी नाही, तुसडेपणा नाही. शिष्टपणाही नव्हे, शिष्ट माणूस अंतर ठेवतो, हे तर खाटेवर येऊन बसले होते. पुण्याची भाची म्हणाली, "आत्या, याला पेट्रनायझिंग म्हणतात." मला कळलं. पण पत्र मराठीत आहे, आणि ज्या वागण्याला नाव नाही त्याची तक्रार करायची तरी कशी? तक्रार करायला गेलं की आपणच चिडखोर म्हातारी ठरतो.

तुम्ही अशा वागण्याला काय म्हणता? कोशातला शब्द नको, बोलण्यातला सांगा.

---

तळटीप

बाई, हा शब्द माझ्या पोटापाण्याशी बांधलेला आहे, म्हणून लगेच लिहितेय. इंग्रजी मालिकांची मराठी उपशीर्षकं करते, अकरा वर्षं झाली. 'डोन्ट पेट्रनाइज मी' हे वाक्य महिन्यातून एकदा तरी समोर येतं, आणि ओळीत अक्षरं बसवायची असतात चाळीस-बेचाळीस. 'माझ्याशी आश्रयदात्याच्या आविर्भावात बोलू नका' असं लिहिलं तर वाचून होईपर्यंत पात्र दार आपटून निघून गेलेलं असतं.

यासाठी एक वही ठेवलीय. तिच्यातले काही प्रसंग सांगते. तरुण वकीलबाई आणि म्हातारा न्यायाधीश होते तेव्हा 'मला शिकवू नका' लिहिलं. श्रीमंत मेहुणा होता तेव्हा 'उपकार केल्यासारखं बोलू नका'. आजारी नवऱ्याला बायको घास भरवायला जाते, तिथे तो ओरडतो: 'मी काय कुक्कुलं बाळ आहे?' हे मला स्वतःला फार आवडलं होतं, कारण हे माझे आजोबा खरंच म्हणायचे. आणि एकदा नुसतं 'पुरे तुमचा मोठेपणा.'

म्हणजे इंग्रजीत एक शब्द आहे आणि मराठीत मला दरवेळी आधी विचारावं लागतं की समोरच्याने नेमकं काय काढून घेतलं? अक्कल, पैसा, वय, की स्वतःच्या हाताने जेवण्याचा हक्क? त्याप्रमाणे क्रियापद बदलतं. बरीच वर्षं मला ही मराठीची उणीव वाटायची. आता तशी खात्री वाटत नाही.

मूळ शब्दाबद्दल थोडंसं, कारण त्यातून तुम्हाला वाट सापडेल असं वाटतं. 'पेट्रन' म्हणजे आश्रयदाता, आणि तो शब्द लॅटिनमधल्या 'पातेर'वरून आला, म्हणजे बाप. इंग्रजीचा कोशकार सॅम्युएल जॉन्सन याने १७५५ च्या आपल्या कोशात पेट्रनचा अर्थ देताना भर घातली की हा सहसा एक हलकट इसम असतो, जो मग्रुरीने मदत करतो आणि मोबदल्यात खुशामत घेतो. कोशात असं लिहायला कारण होतं. एका उमरावाच्या दारात त्याला ताटकळावं लागलं होतं; पुढे त्याने वर्षानुवर्षं खपून कोश पुरा करत आणला, तेव्हा हे उमराव कौतुकाचे लेख घेऊन पुढे आले. जॉन्सनने त्यांना पत्रात विचारलं, बुडणाऱ्या माणसाकडे काठावरून स्वस्थ बघत बसायचं आणि तो जमिनीला लागला की मदतीचं ओझं त्याच्या अंगावर टाकायचं, यालाच आश्रयदाता म्हणतात ना?

तर मुळात हा 'बापपणा' आहे. मराठीतही त्याच वाटेने शोधा असं मी म्हणेन.

---

रात्रपाळी

बाई, तुमचं वाचून वाईट वाटलं आणि थोडा रागही आला, दोन्ही खरं सांगते. मी सतरा वर्षं नर्स आहे. सरकारी रुग्णालयात होते, आता खासगीत. 'आपण', 'हं', 'शहाण्यासारखं' हे सगळं मी रोज बोलते.

का बोलते ते ऐका. रात्री अडीचला खेड्यातली एखादी आजी उठून बसते. तिला आपण कुठे आहोत ते उमगत नाही, हातातली सलाईनची सुई उपसायला बघते. तिला मी 'मॅडम, कृपया सुई काढू नका' म्हटलं तर ती आणखी घाबरते. मी हात धरते आणि म्हणते, "आजी, मी आहे ना. आपण झोपूया आता." ती झोपते. तिच्या गावात परक्या म्हातारीला आजीच म्हणतात, नावाने हाक मारणं तिला अपमान वाटेल. त्या वेळी त्या 'आजी'त आणि त्या 'आपण'मध्ये खोट नसते हो.

पण तुमचं वाचल्यावर मी काल रात्रभर स्वतःचं बोलणं ऐकत होते. एक गोष्ट लक्षात आली. "आजी, आपण कुशीवर होऊया" असं मी म्हणते तेव्हा माझेही हात लागलेले असतात, माझीही कंबर वाकते, ते काम खरंच दोघींचं असतं. "आपण गोळी घेऊया" म्हणते तेव्हा गोळी ती एकटी घेते. "आपण इंजेक्शन घेऊया", सुई तिला एकटीला टोचते. तिथे माझा 'आपण' खोटा आहे. मराठीत 'आम्ही' वेगळं आणि 'आपण' वेगळं. 'आपण'मध्ये समोरच्याला आत घेतो आपण. पण मी तिला आत घेत नव्हते, मीच तिच्या जागेत घुसत होते. तिला नाही म्हणायला जागाच ठेवली नाही. "गोळी देऊ का?" विचारलं तर ती "आत्ता नको, जेवल्यावर" म्हणू शकते. "आपण घेऊया"ला काय उत्तर देणार?

माझ्याकडे शब्द नाही. पण काल रात्री मी तीन जणांना "देऊ का?" विचारलं. एक आजोबा म्हणाले, "थांब, आधी लघवीला जाऊन येतो." इतकं साधं.

आणि संमतीपत्राचं तुम्ही केलंत ते शंभर टक्के बरोबर. सज्ञान माणूस शुद्धीवर असेल, निर्णय घेऊ शकत असेल, तर सही त्याचीच. जानेवारी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलंय. एक बाई तपासणीसाठी भुलेखाली होती, डॉक्टरांनी तिच्या आईची संमती घेऊन मोठी शस्त्रक्रिया करून टाकली. न्यायालय म्हणालं, बाई सज्ञान आहे, तात्काळ जिवाला धोका नव्हता, तेव्हा ती शुद्धीवर यायची वाट बघायला हवी होती. आईची संमती चालणार नाही. आमच्या वॉर्डात हे नव्या मुलींना मी शिकवते. काउंटरवर कुणी शिकवत नाही.

---

पांढरी काठी

मी जन्मापासून दृष्टिहीन आहे, पुण्यात बँकेत नोकरी करतो. बाईंचा 'आकडा मुलाला सांगितला' हा भाग स्क्रीनरीडरवर दोनदा ऐकला.

हॉटेलात वेटर माझ्या बायकोला विचारतो, "साहेब काय घेणार?" साहेब दीड हातावर बसलेले असतात. कापडाच्या दुकानात, "यांना कोणता रंग आवडतो?" माझ्यासमोर माझ्याबद्दल तृतीयपुरुषी बोललं जातं. बायको आता ठरवून गप्प बसते, आणि मग जी शांतता पसरते तिच्यात मी ऑर्डर देतो.

रस्त्यावर हे हातांनी होतं. मी चौकात उभा असतो, रहदारीचा आवाज ऐकून अंदाज घेत असतो, तेवढ्यात कुणीतरी दंड पकडून मला पलीकडे नेतो. 'पलीकडे जायचंय का?' हे विचारत नाही. कधी कधी मला जायचंच नसतं, मी रिक्षाची वाट बघत असतो. मग मी चुकीच्या फुटपाथवर उभा, आणि तो माणूस पुण्य कमावून निघून गेलेला. परत येताना माझी मोजलेली पावलं, ओळखीचा खांब, सगळं विस्कटलेलं. पण मी त्याला ओरडू शकत नाही, कारण तो चांगला माणूस आहे. बाई, तुम्ही म्हणता ते हेच.

लोक याला 'कीव' म्हणतात. मी नाही म्हणत. कीव करणारा लांबून 'बिचारा' म्हणतो आणि जातो, त्याने माझं काही बिघडत नाही. हे वेगळं आहे, यात माझा निर्णय तो घेतो.

नावांचंही तसंच. आम्हाला 'दिव्यांग' म्हणायला लागून आता दहाएक वर्षं होत आली. आमच्या हक्कांच्या कायद्याचं इंग्रजी नाव २०१६ चं, त्यात साधं 'डिसॅबिलिटीज' आहे. मराठी कागदांवर दिव्यांग. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे आणि त्याचं काम व्हावं असं मला मनापासून वाटतं. पण माझ्या डोळ्यांत दिव्य काही नाही. ते दिसत नाहीत, एवढंच. मला दिव्य म्हटलं की पुढे रॅम्प, बोलणारं एटीएम, वाचता येईल असा अर्ज यांबद्दल भांडायची जागाच उरत नाही. माझ्या काही मित्रांना तो शब्द आवडतो, त्यांच्यावर माझा राग नाही. नाव देणाऱ्यांनी मला विचारायला हवं होतं, इतकंच.

वरून नाव देण्याचा हा प्रकार महाराष्ट्राला नवा नाही. १९३८ मध्ये मुंबईच्या विधानसभेत कायद्यात 'हरिजन' शब्द घालायचं ठरलं, तेव्हा दादासाहेब गायकवाडांनी विरोध केला आणि डॉ. आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह सभात्याग करून बाहेर पडले. शब्द कानाला गोड होता. ज्यांना तो लावायचा त्यांनी तो मागितला नव्हता.

---

भीमाकाठ

आमच्या सोलापूरकडं अशा माणसाला 'उंटावरचा शहाणा' म्हणतात. रांजणात डोकं अडकलेल्या रेडकाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. शहाण्याला बोलावलं तर तो उंटावरून उतरेना, उंट आत यावा म्हणून घराचं दार पाडायला लावलं, आणि आत येऊन सांगितलं, रेडकाची मान कापा. लोकांना त्याचा सल्ला आठवतो. मला तो खाली उतरला नाही हे आठवतं. बाईंचे डॉक्टर खाटेवर बसले खरे, पण उंटावरूनच.

नाहीतर 'मानभावी' चालेल बघा.

---

गणिताच्या बाई

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, मी सकाळपासून वाचतेय.

भीमाकाठ, उंटाचं अगदी पटलं. मानभावी मात्र नको. एक तर मानभावी माणसाला आपण सोंग करतोय हे ठाऊक असतं. ओठावर गोड, पोटात वेगळं. माझ्या डॉक्टरांच्या पोटात काहीच वेगळं नव्हतं, आणि त्यांच्यावर लबाडीचा आरोप करणं अन्याय होईल. दुसरं म्हणजे तो शब्द महानुभाव पंथाच्या लोकांवरून पडलाय. चक्रधरस्वामींच्या पंथाने तेराव्या शतकात मराठीला लीळाचरित्र दिलं, आणि आपण त्यांच्या नावाची शिवी केली. मी वर्गात तो शब्द कधी वापरला नाही.

रात्रपाळी, तुमच्या रागाबद्दल मला राग नाही. मी शिक्षिका होते, 'चला, आपण सोडवूया' हे मी आयुष्यभर म्हटलंय. फळ्यावर गणित खरंच सगळ्यांनी मिळून सुटायचं तेव्हा तो 'आपण' खरा होता. पण एखाद्या मुलाला फळ्यापाशी उभं करून "आता आपण चूक कुठे केली?" असंही मी विचारलेलं आठवतं. चूक त्याची एकट्याची होती, वर्ग त्याच्याकडे बघत होता. तुमचं वाचून ते मूल डोळ्यांसमोर आलं.

पांढरी काठी, 'यात माझा निर्णय तो घेतो' हे वाक्य मी डायरीत उतरवून घेतलं.

शब्द अजून हवाच आहे. 'बापपणा' मराठीत रुळेल असं वाटत नाही.

---

मोडीवाचक

'बापपणा' कशाला, आपल्याकडे 'वडीलकी' आहे की.

मी छंद म्हणून मोडी कागद वाचतो, बहुतेक वतनाचे. त्यात 'वडील' म्हणजे बाप नव्हे, थोरला. वडील भाऊ आणि धाकटा भाऊ. बाप हा अर्थ आज पक्का झालाय, जुन्या कागदांत शब्द मोकळा असतो. एका घराण्याच्या दोन शाखा पाटीलकीसाठी भांडायच्या आणि वादाचा मुद्दा असायचा वडीलपण कुणाचं आणि धाकटेपण कुणाचं. त्यावर सगळा मानपान ठरे: पोळ्याला कुणाचा बैल आधी, होळीला कुणाची पोळी आधी. आज हसू येईल, पण या बैलासाठी डोकी फुटली आहेत.

मला महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. हे वडीलपण कुणी आपल्या मनाने घेऊ शकत नसे. गोतसभा, म्हणजे गावकऱ्यांची न्यायसभा बसे, दोन्ही बाजू ऐकल्या जात, साक्षी होत, मग महजर, म्हणजे निवाड्याचा कागद लिहिला जाई. थोरलेपण चारचौघांनी मान्य केलं तरच ते थोरलेपण. वतनी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने गेली, पण 'फुकटची पाटीलकी करू नकोस' आपण अजून म्हणतो. म्हणजे न मिळालेला अधिकार गाजवणं आपल्याला खटकतं, आणि ते सांगायला भाषेत शब्द आहे. पाटीलकी हुकमाची असते, त्यात दरडावणं आहे. बाईंच्या डॉक्टरांनी दरडावलं नाही, माया केली. म्हणून पाटीलकी नको, वडीलकी.

नुसती वडीलकी वाईट नाही. 'वडीलकीच्या नात्याने सांगतो' हे आपण आदराने ऐकतो. तिच्याआधी 'परस्पर' लावा. न विचारता, ज्याची गोष्ट त्याला वगळून केलेल्या कामाला मराठी माणूस 'परस्पर' म्हणतो: परस्पर जमीन विकली, परस्पर लग्न ठरवलं. तसं परस्पर वडीलकी घेतली.

---

तळटीप

'परस्पर वडीलकी' माझ्या ओळीत बसतं! वहीत लिहिलं. पण एक शंका: डॉक्टर तिशीचे, बाई एकोणसत्तर. नातवाच्या वयाच्या माणसाने वडीलकी घेतली असं म्हणता येईल का? वाचणारा अडखळेल.

---

मोडीवाचक

अडखळू दे की. घडलंही तसंच उलटं आहे. चाळीस वर्षांनी लहान असलेल्याने थोरलेपण घेतलं म्हणजे बाईंना धाकटेपण दिलं. एक घेतल्याशिवाय दुसरं देता येत नाही.

---

पांढरी काठी

मला चालेल. रस्ता ओलांडून देणाऱ्याला मी पुढच्या वेळी हेच म्हणून बघेन: "अहो, परस्पर वडीलकी नको. विचारा, मी सांगतो. आणि दंड धरू नका, तुमचा कोपर मला धरू द्या." कोपर धरला की मी अर्धं पाऊल मागे राहतो, तुम्ही वळलात की मला कळतं. कसं चालायचं ते मग माझ्या हातात राहतं.

---

रात्रपाळी

आमच्या नव्या मुलींना हे 'देऊ का' आणि 'घेऊया'चं मी येत्या सोमवारी सांगणार आहे. मला एक विचारायचंय बाई. 'आजी' म्हटलेलं तुम्हाला चालत नाही का? काय म्हणावं तुम्हाला?

---

गणिताच्या बाई

रात्रपाळी, हे मला रुग्णालयात कुणी विचारलं नव्हतं. मला 'बाई' म्हणा. तेहेतीस वर्षं तीच हाक होती, झोपेतही ओ देईन. माझ्या शेजारच्या खाटेवर कवठेमहांकाळकडच्या एक बाई होत्या, त्यांना मात्र 'आजी'च हवं होतं, 'मॅडम' म्हटलं की त्या इकडेतिकडे बघायच्या. तेव्हा आल्याबरोबर एकदा विचारून केसपेपरवर लिहून ठेवता आलं तर बघा.

काल रात्री पत्र पुरं केलं. लिहिताना एक अडचण आली. मी सवयीने डॉक्टरांना 'आपण' लिहीत होते, आदरार्थी. तिसऱ्या ओळीपर्यंत आले आणि मलाच तो शब्द नकोसा झाला. त्या वॉर्डातल्या 'आपण'चा आवाज त्यात येत होता. सगळीकडे खोडून 'तुम्ही' केलं. पुन्हा स्वच्छ कागदावर उतरवलं.

मधला परिच्छेद इथे देते:

"तुम्ही माझ्याशी उद्धटपणे वागलात असं माझं म्हणणं नाही. तुम्ही प्रेमाने वागलात हे मला माहीत आहे. पण तुम्ही माझ्यावर परस्पर वडीलकी घेतलीत. मी माझ्या गुडघ्याचा कोन विचारला होता. तो तुम्ही मला न सांगता माझ्या मुलाला सांगितलात. बिजागरीची उपमा मला समजली, पण बिजागरी किती अंशांत उघडते हे समजण्याइतकंही माझं डोकं शाबूत आहे, आणि नसतं तरी तो पाय माझाच होता. पुढच्या रुग्णाने प्रश्न विचारला तर उत्तर त्याच्याकडे बघून द्या. त्याला समजलं नाही तर तो पुन्हा विचारील. न समजलेलं पुन्हा विचारणाऱ्या मुलांना मी कधीच लहान समजले नाही."

मुलाला वाचायला दिलं. त्याने काही न बोलता दोनदा वाचलं, मग विचारलं, "मी पण हसलो होतो ना तेव्हा काउंटरवर?" मी हो म्हटलं. तो बराच वेळ बसून राहिला.

गुरुवारी तपासणीला जायचंय. पत्र टपालाने पाठवत नाही, त्यांच्या हातात देणार आहे. सकाळी फिजिओथेरपीच्या मुलीने गोनिओमीटर लावला, मी वाचलं: एकशे बारा.